पायाआधीची कुदळ

घर बांधायचे म्हटले, की आपल्याकडे आधी पंचांग निघते, मग नारळ फुटतो आणि मग कुदळ पडते. इंग्लंडात पुष्कळदा पहिली कुदळ पडते ती गवंड्याची नव्हे, तर पुराणवस्तुसंशोधकाची!

नव्या वसाहतीसाठी शेत निवडले, की त्यात आधी परीक्षेचे चर खणतात. चर सुमारे २ मीटर रुंद, तीसेक मीटर लांब. बिनदाती फावड्याचे यंत्र वरची माती हलकेच खरवडते आणि संशोधक डोळ्यांत तेल घालून शेजारी उभा राहतो. मातीचा रंग बदलला, की यंत्र थांबलेच! काळपट गोल डाग ही एखाद्या घराच्या खांबाची खूण असते. लांब पट्टा म्हणजे बुजलेला खंदक. कित्येक चरांत काहीच मिळत नाही. पण तेही उत्तरच. बांधणाऱ्याचा मार्ग मोकळा झाला.

ही शिस्त सहजासहजी आलेली नाही. १९८९ साली लंडनमध्ये कचेऱ्यांची इमारत उठायची होती, त्या जागी १५८७ चे 'रोझ' नाट्यगृह उघडे पडले. शेक्सपिअरची नाटके जिथे झाली, ती ही भूमी! नटमंडळी रस्त्यावर उतरली, आराखडा बदलावा लागला. पुढल्याच वर्षी, १९९० मध्ये, सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. शोध आधी, परवानगी नंतर. आणि खर्च बांधणाराचा.

त्याचे फळ पाहा. केंब्रिजजवळ ट्रंपिंग्टनला घरांआधीच्या उत्खननात २०११ साली सातव्या शतकातली एक कबर सापडली. सोळाएक वर्षांची मुलगी, लाकडी पलंगावर निजवलेली; अंगावर तांबड्या खड्यांचा सोन्याचा क्रूस. पाया आधी पडला असता, तर ती पोर कुणाला कळलीही नसती.

आपल्याकडे २०१० च्या कायदेदुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम वर्ज्य केले, त्यापुढच्या २०० मीटरांवर नियंत्रण ठेवले. ठीकच आहे. पण ज्यावर स्मारक नाही, नुसती खापरे पसरलेली आहेत, त्या गावोगावच्या पांढरीच्या टेकाडांचे काय? तिथली माती गाड्या भरभरून शेतात गेली. आता तिथे इमले चढतात.

भूमिपूजनात आपण भूमीची क्षमा मागतो. कुदळ मारण्यापूर्वी तिला एवढेही विचारायला नको का, की बाई, तुझ्या पोटात आधी कोण नांदत होते?