विश्लेषण : जुन्या डच नकाशाचा सुटा कागद संशयात का सापडतो?

जून २००५. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात एका कर्मचाऱ्याला जमिनीवर छोटे पाते पडलेले दिसले. पोलिसांनी पकडला तो भुरटा चोर नव्हता. फोर्ब्स स्मायली हा नामांकित नकाशा-विक्रेता होता. ९७ नकाशे चोरल्याची कबुली त्याने दिली. त्यांची किंमत सुमारे ३० लाख डॉलर होती. शिक्षा झाली साडेतीन वर्षांची.

हे इतके सोपे कसे?

नकाशा हे पुस्तकातले पान. ते कापले तरी मिटलेला ॲटलास बाहेरून तसाच दिसतो. त्यात विक्रेत्यांनीच वर्षानुवर्षे जुने ॲटलास फोडून पाने सुटी विकली, कारण अखंड ग्रंथापेक्षा सुट्या पानांना गिऱ्हाईक लवकर मिळते. साहजिकच बाजारात सुटा नकाशा दिसला तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

डच नकाशांचीच ओढ का?

सतराव्या शतकात ॲमस्टरडॅम हे नकाशा छपाईचे केंद्र होते. विलेम ब्लाऊ १६३३ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीचा नकाशाकार होता. त्याच्यानंतर मुलगा योआन. त्याच्या ‘ॲटलास मायोर’च्या १६६२ पासूनच्या लॅटिन आवृत्तीचे ११ खंड आणि जवळपास ६०० नकाशे. छपाई तांब्याच्या पत्र्यावरून, रंग हाताने. १६७२ मध्ये त्यांचा छापखाना जळाला.

सागरी नकाशांचे गणित वेगळे. ते जहाजावर वापरले जात, भिजत, कंपासच्या टोकाने भोके पडत आणि जुने झाले की टाकून दिले जात. श्रीमंतांच्या कपाटातले ॲटलास टिकले, खलाशांचे कागद संपले. शिवाय आशियाच्या मार्गांचे नकाशे कंपनी हस्तलिखित आणि गुप्त ठेवत असे. ते छापील स्वरूपात आले ते थेट १७५३ मध्ये, व्हान क्युलेन यांच्या ‘झे-फाकेल’च्या सहाव्या भागात.

संग्राहकांना हवाहवासा आणखी एक नकाशा आपल्या शेजारचा आहे : गोव्याचा. तिथल्या आर्चबिशपकडे चिटणीस असलेल्या लिन्सखोटेनच्या १५९६ च्या ‘इटिनेरारिओ’त तो आहे. पोर्तुगीजांच्या राजधानीतली माहिती डचांनी छापून विकली, हे विशेष!

अस्सल की नक्कल?

भिंगातून बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई. अस्सल कागदावर पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब बोटाला जाणवतो, उजेडात धरल्यावर हातकागदाच्या रेघा दिसतात. मागच्या मजकुराची भाषा आवृत्ती ओळखायला मदत करते.

पण यातून नकाशा खरा आहे एवढेच कळते, चोरीचा नाही हे नाही. त्यासाठी कापलेली कड, खरवडलेला शिक्का आणि कसरीची छिद्रे पाहावी लागतात. कसर पाने भेदत जाते. त्यामुळे सुट्या नकाशावरची छिद्रे ग्रंथालयातल्या शेजारच्या पानाशी जुळली, तर विक्रेत्याला उत्तर द्यावेच लागते.