मोटार सुधारली, ट्रॉलीचे काय?



जुन्या अँबॅसिडर-फियाटचा जाड पत्रा आपण अजून वाखाणतो. पण पत्रा दबला नाही की सगळा हिसका आतल्या माणसाला बसतो. आताच्या मोटारीचे तोंड मुद्दाम चेपणारे केलेले असते. धक्का तिथेच जिरतो. तीन ठिकाणी धरणारा पट्टा व्होल्वोचे निल्स बोहलिन यांनी १९५९ साली आणला. आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली.

एवढे करूनही हंगामात रात्री हीच मोटार रस्त्यात उभ्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली, तर? ट्रॉलीचा सांगाडा बॉनेटपेक्षा उंच. चेपणारे तोंड खाली शिरते आणि ऊस थेट काचेतून आत. तिथे पट्टा तरी काय करणार? आणि साताऱ्या-सांगलीच्या रस्त्यावर त्या मोटारीत बहुधा आपलेच कोणीतरी असते.

माझे स्पष्ट मत आहे. मागे लाल दिवा व रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊच नये, मग ती कोणाचीही असो. वाहतूकदार म्हणतात, "साहेब, रानात वायर तुटते." तुटते, खरं आहे. पण रिफ्लेक्टरच्या पट्टीला कुठं वायर लागते? डांबरीवर येण्याआधी तिच्यावरचा चिखल पोत्याने पुसायचा, आणि लोंबता ऊस तिच्यावर येऊ द्यायचा नाही.

— ऊस विकास अधिकारी