स्टार्टरचा स्विच ‘डायरेक्ट’ करणाऱ्यांनो, एवढं वाचाच

‘ट्रॅक्टरखाली सापडून शेतकऱ्याचा मृत्यू.’ तालुक्याच्या पानावरची चार ओळींची बातमी. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद, शवविच्छेदन, पश्चात पत्नी आणि दोन मुलं. संपलं. ट्रॅक्टर चालू कसा केला, तेव्हा सीटवर कोणी होतं का, तो गिअरमध्ये होता का, हे कुणी विचारत नाही. गेली वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या देतोय, म्हणून सांगतो, यातल्या काही बातम्यांच्या मुळाशी नशीब नसतं. एक तुटकी वायर असते.

वायर कुठली ते नीट समजून घ्या. किल्ली फिरवली की करंट बारीक वायरीतून स्टार्टरवरच्या सोलोनाईडला जातो, आणि तो जाडा करंट सोडून सेल्फ फिरवतो. या बारीक वायरीच्या वाटेवर एक छोटा स्विच असतो. कुठे क्लचच्या पायाजवळ, कुठे गिअरबॉक्सवर. क्लच दाबलेला नसेल किंवा गिअर न्यूट्रलला नसेल तर हा स्विच वाट तोडतो आणि सेल्फ फिरतच नाही. एवढंच त्याचं काम.

आता आपल्याकडे काय होतं? चिखल, पाणी, धूळ खाऊन स्विच खराब होतो. ऐन पेरणीत ट्रॅक्टर चालू होत नाही. गॅरेजवाला येतो, दोन वायरी काढतो, पिळतो, वर टेप. ‘झालं काम, डायरेक्ट केलं.’ मालक खूश. पुढे किल्लीचा स्विचही जातो. मग ड्रायव्हर खाली उतरून पाना किंवा स्क्रूड्रायव्हर सोलोनाईडच्या दोन बोल्टांवर टेकवतो. ठिणगी उडते, इंजिन चालू होतं. उभा कुठे असतो तो? इंजिनच्या बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे. म्हणजे ट्रॅक्टर हलला तर मागचं मोठं चाक जिथून जाणार, बरोबर तिथे.

कुणी म्हणेल, न्यूट्रलला असेल तर काय होतंय? प्रश्न तोच आहे, तो न्यूट्रलला नसतो. जुन्या ट्रॅक्टरचा हँडब्रेक केव्हाच गेलेला असतो. बॅटरी कमजोर, म्हणून रात्री उतारावर लावायचा, सकाळी ढकलून चालू होईल या हिशोबाने. आणि उतारावर लावला की पळू नये म्हणून गिअर टाकून ठेवायचा. सकाळी येतो दुसराच माणूस. भाऊ, पोरगा, नाहीतर रोजाने लावलेला ड्रायव्हर. त्याला काय माहीत रात्री कुणी कुठला गिअर टाकलाय? लो गिअर असेल तर नुसत्या सेल्फच्या जोरावरसुद्धा ट्रॅक्टर पुढे सरकतो. आणि जुनं डिझेल इंजिन एकदा पेटलं की किल्ली बंद करून थांबत नाही, स्टॉपची दांडी ओढावी लागते. ती दांडी ड्रायव्हरच्या जागेवर, आणि माणूस चाकापुढे. मागे रोटाव्हेटर जोडलेला असेल आणि पीटीओ सुटलेला नसेल, तर पलीकडे उभ्या असलेल्याचंही काही खरं नाही.

‘जुन्या ट्रॅक्टरला कसले आलेत सेफ्टी स्विच, ही सगळी नवीन फॅडं’ असं ऐकायला मिळतं. ही माहिती चुकीची आहे. १९४६ साली इंग्लंडात फर्ग्युसनचा टीई-२० हा छोटा करडा ट्रॅक्टर निघाला. त्याला सेल्फचं वेगळं बटणच नव्हतं. गिअरची दांडी न्यूट्रलमधून ‘एस’ या खुणेकडे ढकलली तरच सेल्फ फिरायचा. गिअरमध्ये ठेवून सेल्फ मारायची सोयच ठेवली नव्हती. मॅसी फर्ग्युसन या नावातला फर्ग्युसन तो हाच. म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आधी जे सुचलं होतं, ते आपण आज टेप लावून बंद करतोय.

दुसरं वाक्य ठरलेलं: ‘तीस वर्षं असाच चालवतोय, काही झालं नाही.’ झालेलं नाही म्हणूनच बोलताय, दादा. ज्याचं झालं तो बोलायला येत नाही.

तिसरं: ‘ड्रायव्हरची चूक.’ हे मालकांना फार सोयीचं आहे. वायर पिळायला सांगितली कुणी? स्विचचे काही शे रुपये वाचवले कुणी? रोजाने येणारा गडी म्हणेल का, मालक, आधी स्विच बसवा, मगच चालवतो? दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर येईल.

आता सरकारकडे वळू. कारखान्यात यंत्राने माणूस मेला तर कायदा आहे, निरीक्षक आहे. शेतात कोणी नाही. मळणी यंत्रात हात जायला लागले तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा आला. म्हणजे मनात आणलं तर कायदा होतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॅक्टरचं आरसी बुक १५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, पुढे दर ५ वर्षांनी. त्या वेळी किल्ली फिरवून हा स्विच बघायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. आणि माणूस गेल्यावर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून घरच्यांना २ लाख मिळतात, तेही कागदांचा ढीग दिल्यावर. मेल्यावर २ लाख द्यायची तयारी आहे, जिवंतपणी स्विचला अनुदान द्यायची नाही. अवजारांना अनुदान देणाऱ्या यांत्रिकीकरणाच्या योजनेत हे सहज बसू शकतं.

साखर कारखानेही यात येतात. हंगामाआधी ऊस वाहतुकीचे करार होतात, ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटो निघतात. चांगलं आहे. त्याच दिवशी यार्डात एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसवा. स्विच चालू नसेल तर करार नाही, असं एकदा ठरवून बघा.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते आपण करू. उद्या सकाळी सपाट जागेवर, पुढेमागे कुणी नाही बघून, सीटवर बसून तपासा. क्लचचा स्विच असेल तर गिअर न्यूट्रलला ठेवा, क्लच दाबू नका, किल्ली फिरवा. गिअरबॉक्सवरचा असेल तर स्टॉपची दांडी ओढा, ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबून धरा, गिअर टाका आणि किल्ली फिरवा. दोन्ही वेळा सेल्फ फिरता कामा नये. फिरला, तर स्विच ‘डायरेक्ट’ आहे किंवा नाहीच. मूळचा नसेल तर बारीक वायरीवर क्लचचा स्विच बसवून घेता येतो. सोलोनाईडवर रबरी टोपण लावा, म्हणजे पाना टेकवायचा मोहच नको. आणि काही झालं तरी खाली उभं राहून ट्रॅक्टर चालू करायचा नाही. घरातल्या पोरांनाही हे दम देऊन सांगा.

गावातल्या ज्याच्याकडे जुना ट्रॅक्टर आहे त्याला हे पाठवा. वाचायचा कंटाळा असेल तर वाचून दाखवा. आणि सेकंडहँड ट्रॅक्टर घ्यायला जाल तेव्हा टायर आणि इंजिनाबरोबर हा स्विचही बघा. नसेल तर तेवढे पैसे भावातून कापा. मग बघा, विकणारे आपोआप बसवायला लागतील.