कर्तव्याची पावती कोण देणार?

‘हक्क मागता, आधी कर्तव्य तर करा!’ हे वाक्य तुम्ही 26 जानेवारीच्या भाषणात ऐकलं असेल, फॅमिली ग्रुपवर वाचलं असेल. मला या वाक्याचा राग येतो. राग कर्तव्याचा नाही. ज्याने आपलं देणं आधीच चुकवलंय, त्यालाच पुन्हा बिल पाठवलं जातं, त्याचा आहे.

माझं गाव कौंडण्यपूर, तालुका तिवसा. लोक त्याला रुक्मिणीचं माहेर म्हणून ओळखतात. गावाला लागून वर्धा वाहते. वरच्या अंगाला, मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याला, ती ऊर्ध्व वर्धा धरणाने अडवली आहे. ते पाणी शेतीला जातं, अमरावती शहराला जातं, नांदगाव पेठच्या औष्णिक वीजप्रकल्पालाही जातं. मी अमरावतीत इंजिनिअरिंग केलं. चार वर्षं तेच पाणी प्यायलो.

ज्यांची शेतं त्या पाण्याखाली गेली, त्यांनी मोबदला आणि नोकऱ्यांसाठी 2023 साली मोर्शीत शंभरावर दिवस आंदोलन केलं. शेवटी 29 ऑगस्टला ते मुंबईत मंत्रालयात शिरले आणि त्यांनी आतल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. ती जाळी 2018 मध्ये बसवली होती, मंत्रालयात लोक जीव द्यायला लागले म्हणून. नागरिकाचा जीव वाचवणं हे राज्याचं कर्तव्य. ते राज्याने असं पार पाडलं: माणूस उडी का मारतो हा प्रश्न तसाच ठेवला आणि खाली जाळी बांधली.

आता यातल्या कोणी कर्तव्य केलं नव्हतं, सांगा. शेतकऱ्याने जमीन दिली. यापेक्षा मोठा कर कोणता?

आपल्या संविधानात नागरिकांची मूलभूत कर्तव्यं सुरुवातीपासून नव्हती. ती 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने आली, म्हणजे आणीबाणीत. हक्क गुंडाळून ठेवलेल्या काळात सरकारला नागरिकांची कर्तव्यं आठवली, हा योगायोग मला साधा वाटत नाही. उलट कलम 37 हे 1950 पासून सांगतंय की मार्गदर्शक तत्त्वं अमलात आणणं हे राज्याचं कर्तव्य आहे. पण त्याच कलमात लिहिलंय की त्यासाठी कोर्टात जाता येणार नाही. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला नागरिकाची कर्तव्यं छापली जातात. राज्याची कुठे छापतात?

कर्तव्यं लिहूच नयेत, असं मी म्हणत नाही. आफ्रिकी देशांनी 1981 मध्ये मानवी हक्कांची सनद केली. तिच्या 27 ते 29 या कलमांत व्यक्तीची कर्तव्यं आहेत: इतरांच्या हक्कांचं भान ठेवा, भेदभाव करू नका, आईवडिलांना सांभाळा, कर भरा. पण पहिलंच कलम राज्यांना बांधतं, आणि दाद मागायला आयोगही आहे. नायजेरियात तेल काढताना ओगोनी लोकांची जमीन आणि पाणी नासलं. 2001 मध्ये त्या आयोगाने सरकारलाच दोषी धरलं. हक्क तुडवू नका एवढंच पुरेसं नाही. कंपन्यांपासून लोकांना वाचवणं आणि हक्क प्रत्यक्षात आणणं हेही राज्याचंच काम, असं बजावलं. दक्षिण आशियात सार्क 1985 पासून आहे, पण अशी सनद नाही, असा आयोग नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे ज्या कामाला नाव आणि तारीख नाही, ते काम कधीच होत नाही. सरकारलाही हे कळतं. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमात प्रत्येक अधिसूचित सेवेला पदनिर्देशित अधिकारी आहे, मुदत आहे, अपील आहे, आणि कारण नसताना उशीर केला तर 500 ते 5000 रुपये दंड आहे. दाखल्यासाठी हे जमतं, मग बुडालेल्या जमिनीच्या पुनर्वसनासाठी का जमत नाही? प्रत्येक प्रकल्पग्रस्ताच्या फाइलवर अधिकाऱ्याचं पद, मुदत आणि दंड लिहा. तेवढं झालं की मग आम्हाला कर्तव्यावर भाषण द्या.

आणि आपलं कर्तव्य? आमच्याच जिल्ह्यातल्या गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला तो स्वतः झाडायला, दुसऱ्यावर उगारायला नाही. आपण धरणाच्या पाण्यावर वाढलेली पोरं. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पोचपावती जपता येते, पहिलं अपील, दुसरं अपील करता येतं. ज्यांच्या शेतावरचं पाणी आपण प्यायलो, त्यांच्यासाठी हे करणं हे माझ्या मते आपलं पहिलं नागरी कर्तव्य आहे. ते कोणत्याही कलमात लिहिलेलं नाही, म्हणून टाळता येणार नाही.