मीम झालेला ‘द शायनिंग’ आजही घाबरवतो का? की खरी भीती पुस्तकातच आहे?

फुटलेल्या दाराच्या फटीतून तोंड आत घालून दात विचकणारा माणूस. हा चेहरा तुम्ही नक्की पाहिलाय. सोमवारी सकाळी बॉसचा मेसेज आला की हा चेहरा, भाडं मागायला घरमालक आला की हाच चेहरा. हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये हात धरून उभ्या असलेल्या निळ्या फ्रॉकमधल्या दोन मुलीही ओळखीच्या असतील.

हे सगळं आलंय १९८० च्या ‘द शायनिंग’ या सिनेमातून. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक, मुख्य भूमिकेत जॅक निकल्सन. भीतिपटांची कुठलीही यादी काढा, हा सिनेमा त्यात सापडतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीतही त्याला जागा दिली.

पण आज पहिल्यांदा तो बघणारे अनेकजण शेवटी विचारतात, “यात घाबरण्यासारखं काय होतं?” जवळपास अडीच तासांचा सिनेमा, संथ चाल, भुतं मोजकीच. आणि जे मोठे धक्के आहेत ते मीममधून आधीच पाहून झालेले. त्यावर पुस्तकवाले म्हणतात, “मूळ पुस्तक वाचा, मग बोला.”

‘फ्रेंड्स’ बघणाऱ्यांना आठवत असेल, त्यातला जोई एका पुस्तकाला इतका घाबरतो की ते थेट फ्रीझरमध्ये ठेवतो. ते पुस्तक हेच, स्टीफन किंगचं ‘द शायनिंग’. आता प्रश्न असा, की जोईने डीव्हीडी ठेवायला हवी होती की पुस्तकच बरोबर होतं?

(इथून पुढे गोष्टीचा शेवट सांगितला आहे. सिनेमा बघायचा असेल तर आधी बघून या.)

गोष्ट थोडक्यात

जॅक टॉरन्स हा लेखक होऊ पाहणारा माणूस. कोलोरॅडोच्या डोंगरात ‘ओव्हरलुक’ नावाचं मोठं हॉटेल आहे. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ते बंद होतात, म्हणून हॉटेलही बंद असतं. त्या काळात त्याची देखभाल करण्याची नोकरी जॅक घेतो. सोबत बायको वेंडी आणि लहानगा मुलगा डॅनी. डॅनीला न घडलेल्या आणि पूर्वी घडून गेलेल्या गोष्टी दिसतात. हॉटेलचा स्वयंपाकी हॅलोरन या शक्तीला ‘शायनिंग’ म्हणतो.

हॉटेलमध्ये काहीतरी वाईट आहे. ते हळूहळू जॅकचा ताबा घेतं आणि बाप बायको-मुलाच्या जिवावर उठतो. इथपर्यंत पुस्तक आणि सिनेमा सारखेच. फरक पुढे आहे.

पुस्तक आलं कुठून?

१९७४ मध्ये किंग आणि त्याची बायको कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कच्या स्टॅन्ली हॉटेलात उतरले होते. हंगाम संपत आला होता, हॉटेल बंद व्हायच्या बेतात होतं आणि पाहुणे जवळपास तेवढे दोघंच. खोली क्रमांक २१७. त्या रात्री किंगला स्वप्न पडलं, की आपला लहान मुलगा किंचाळत कॉरिडॉरमधून पळतोय आणि आग विझवायचा पाइप त्याच्या मागे लागलाय. किंग घामाघूम होऊन उठला आणि पुस्तकाचा सांगाडा डोक्यात तयार झाला. १९७७ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

पण पुस्तकाचं खरं मूळ त्या हॉटेलात नाही. पुस्तकातला जॅक दारूच्या आहारी गेलेला आहे. नशेत आणि रागाच्या भरात त्याने एकदा डॅनीचा हात मोडलाय. विद्यार्थ्यावर हात उगारल्यामुळे शिक्षकाची नोकरी गेलीय. तो आता दारू पीत नाही, पण रोज स्वतःशी झगडतोय. त्याचा स्वतःचा बापही मारकुटा होता.

पुढे ‘ऑन रायटिंग’ या पुस्तकात किंगने कबूल केलं, की हे लिहिताना तो स्वतः दारूत बुडत चालला होता आणि आपण आपल्याबद्दलच लिहितोय हे त्याला तेव्हा उमगलंही नव्हतं. त्यामुळे पुस्तकातली भीती भुताची कमी आणि स्वतःची जास्त आहे. ज्या लेकरावर आपला जीव आहे, त्याच्यावर आपलाच हात उठला तर? पुन्हा उठला तर?

कुब्रिकने काय बदललं?

बरंच काही. खोली २१७ ची २३७ झाली. सिनेमात हॉटेल बाहेरून दिसतं ते ओरेगॉनमधलं टिंबरलाइन लॉज. २१७ मध्ये मग कोणी राहणार नाही, ही भीती लॉजवाल्यांना वाटली. २३७ क्रमांकाची खोली तिथे नव्हतीच, म्हणून तो आकडा घेतला. गंमत म्हणजे आज तिथे लोक २१७ च मागतात.

पुस्तकात बागेतली झुडपं प्राण्यांच्या आकाराची आहेत आणि ती हलतात. सिनेमात त्यांच्या जागी झुडपांचा भूलभुलैया आला. पुस्तकात जॅकच्या हातात लांब दांड्याचा हातोडा आहे, सिनेमात कुऱ्हाड. पुस्तकात हॅलोरन वाचतो, सिनेमात मरतो.

सगळ्यात मोठा बदल शेवटात आहे. पुस्तकात शेवटी एक क्षण असा येतो, की जॅकमधला बाप जागा होतो आणि मुलाला पळून जायला सांगतो. हॉटेलच्या जुन्या बॉयलरमधली वाफ रोज सोडावी लागते, ते राहून जातं आणि हॉटेल जॅकसकट आगीत उडतं. सिनेमातला जॅक शेवटपर्यंत मुलामागे धावतो आणि भूलभुलैयात गोठून मरतो. पुस्तक आगीत संपतं, सिनेमा बर्फात.

मग किंग का चिडला?

किंगला सिनेमा आवडला नाही आणि हे तो गेली कित्येक वर्षं उघडपणे सांगत आलाय. दिसायला देखणी गाडी, पण आत इंजिनच नाही, असा त्याच्या टीकेचा सूर. त्याचं मुख्य म्हणणं दोन मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला मुद्दा, निकल्सनचा जॅक पहिल्या मिनिटापासूनच वेडा वाटतो. चांगला माणूस हळूहळू बिघडत जाण्यात जी वेदना आहे, ती सिनेमात उरलीच नाही. दुसरा मुद्दा, वेंडी. पुस्तकातली वेंडी खंबीर आहे, सिनेमातली फक्त रडते आणि किंचाळते.

पहिल्या मुद्द्यात दम आहे. पुस्तकातला एक प्रसंग बघा. जॅक छपरावर सापडलेलं गांधीलमाश्यांचं पोळं औषध मारून रिकामं करतो आणि कौतुकाने डॅनीला देतो. रात्री त्यातून माश्या निघतात आणि पोराला डसतात. औषध कमी पडलं की हॉटेलने खेळ केला? जॅकला तर फक्त बाप म्हणून काहीतरी छान द्यायचं होतं. पुस्तक आपल्याला जॅकच्या डोक्यात बसवतं, म्हणून त्याचं घसरणं आपलं घसरणं वाटतं. कॅमेऱ्याला ते तसं जमत नाही.

पण सिनेमाची खुर्ची वेगळी आहे

कुब्रिकने आपल्याला जॅकच्या डोक्यातून उठवून त्याच्यासमोर, वेंडी आणि डॅनीच्या शेजारी बसवलं. तिथून जॅकच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. त्याचा मूड आज कसा असेल, एवढाच अंदाज घेत राहायचं.

सिनेमाच्या सुरुवातीला एक साधा प्रसंग आहे. डॅनीला चक्कर येते, डॉक्टरबाई घरी येतात. मुलाच्या हाताच्या जुन्या दुखापतीचा विषय निघतो. वेंडी ओढून आणलेल्या हसऱ्या चेहऱ्याने सांगते, की तो निव्वळ अपघात होता. नवरा पिऊन उशिरा आला होता, मुलाने त्याचे कागद पसरले होते, त्याने जरा जोरात ओढलं, इतकंच. झालं ते एका अर्थी बरंच झालं, कारण त्यानंतर त्याने दारू सोडली, आज पाच महिने झाले.

पुढे जॅक स्वतःच बारमध्ये म्हणतो, की ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची आहे. आता हिशेब करा. तीन वर्षांपूर्वी हात दुखावला, तेव्हाच दारू सोडली आणि सोडून झाले पाच महिने? कुठेतरी कोणीतरी खोटं बोलतंय, बहुतेक स्वतःशीच. सिनेमा यावर एक शब्दही बोलत नाही. युरोपसाठी केलेल्या छोट्या आवृत्तीत डॉक्टरबाईंचा हा प्रसंगच नाही. तुम्ही जवळपास दोन तासांची आवृत्ती पाहिली असेल, तर सिनेमातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट तुमच्याकडून निसटली.

हे लक्षात घेऊन सिनेमा बघितला, की किंगचा आक्षेप उलटा फिरतो. जॅक सुरुवातीपासूनच भीतिदायक वाटतो, हो. पण वेंडीला तो तसा वाटून चालणार नाही. तिला त्याच्यासोबत राहायचंय, म्हणून ती कारणं शोधते, सांभाळून घेते, हळू आवाजात बोलते. घरात असा माणूस असलेल्यांना हे वागणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वेंडीबद्दल जगाचं मत कसं बदललं?

सिनेमा आला तेव्हा वेंडीची भूमिका करणाऱ्या शेली डुव्हालची खिल्ली उडवली गेली. सर्वांत वाईट कामाला ‘पुरस्कार’ देणाऱ्या रॅझीच्या पहिल्याच वर्षी तिला वाईट अभिनेत्री म्हणून नामांकन मिळालं. कुब्रिकलाही वाईट दिग्दर्शक म्हणून मिळालं होतं.

कुब्रिकची मुलगी व्हिव्हियन हिने शूटिंगदरम्यान केलेल्या माहितीपटात तो डुव्हालवर चिडताना दिसतो. महिनोन्‌महिने रोज रडण्याचा थकवा तिने नंतर मुलाखतींत सांगितला. त्याच वेळी कुब्रिकबद्दल ती आपुलकीनेही बोलली. २०२२ मध्ये रॅझीवाल्यांनी तिचं नामांकन मागे घेतलं. २०२४ मध्ये तिचं निधन झालं, तेव्हा याच कामाचं भरभरून कौतुक झालं.

सिनेमाची एक फ्रेमही बदललेली नव्हती. बदलली ती बघणाऱ्यांची नजर. १९८० मध्ये जी बाई ‘रडकी’ वाटली, तीच आज नवऱ्याच्या धाकात जगणारी आणि तरीही मुलाला घेऊन बाहेर पडणारी बाई दिसते.

पुस्तकाशी प्रामाणिक राहिलं असतं तर?

याचंही उत्तर उपलब्ध आहे. १९९७ मध्ये किंगने स्वतः पटकथा लिहून तीन भागांची टीव्ही मालिका केली. शूटिंग थेट स्टॅन्ली हॉटेलात. हलणारी झुडपं आली, हातोडा आला, बापाचा पश्चात्तापही आला. पण आज चर्चा होते ती कुब्रिकच्या सिनेमाचीच. वाचताना अंगावर येणारी झुडपं पडद्यावर तशी येत नाहीत, कारण पुस्तकात ती आपण आपल्या भीतीच्या मापाने उभी करतो. धारप-मतकरी वाचून रात्री दिवा चालू ठेवलेल्यांना हे माहीतच आहे.

मग निकाल काय?

धक्क्यांपुरतं बोलायचं, तर सिनेमा जुना झालाय. दार फुटतं तेव्हा आज थिएटरमध्ये किंकाळीच्या आधी हसू येईल. रक्ताची लिफ्ट हजार वेळा फॉरवर्ड होऊन गेलीय. या बाबतीत पुस्तकाला मीमची बाधा झालेली नाही, तिथे पुस्तक जिंकतं.

पण भुतं बाजूला काढली, तर दोघांत एकच गोष्ट उरते. बर्फाने अडवलेलं घर, दारू आणि चिडलेला बाप. पुस्तक विचारतं, “हा माणूस तूच असलास तर?” सिनेमा विचारतो, “हा माणूस तुझ्या घरात असला तर?” कुठला प्रश्न जास्त घाबरवतो, हे ज्याचं त्याने स्वतःच्या घराकडे बघून ठरवायचं.

एक मात्र करून बघा. सिनेमा पुन्हा लावाल तेव्हा निकल्सनकडे बघू नका. तो बोलत असताना वेंडीचा चेहरा बघा. मीममध्ये तो चेहरा सहसा कापलेला असतो.