गुण घोटाचे, हिशेब बाटलीचा

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी जानेवारी २०२६मध्ये पूर्ण झाल्या. चर्चा मोटारींची जास्त झाली. पण बिअरवरचे ११० टक्के आयात शुल्क ५० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचेही त्यात ठरले आहे. करार अमलात आला, की बेल्जियम, जर्मनी, चेक प्रजासत्ताक इथल्या बाटल्या आपल्याकडे आजच्यापेक्षा स्वस्त मिळू शकतील. त्यांच्यासोबत 'सुवर्णपदक विजेती', 'जगातील सर्वोत्तम' अशी बिरुदेही येतील. हे गुण कोण देते, कशाला देते आणि आपल्या शरीराला ते कितपत लागू पडतात, हे त्याआधी समजून घेतलेले बरे.

बिअर चाखून गुण देणे हे हौशी लोकांचे काम वाटते, पण त्याची रीतसर पद्धत आहे. अमेरिकेत १९८५मध्ये सुरू झालेल्या 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम'ची गुणपत्रिका ५० गुणांची असते. गंधाला १२, रंग आणि फेसाला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण. कोणत्या कंपनीची बिअर आहे, हे परीक्षकाला कळू देत नाहीत. वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात, बिअरचे परीक्षक सहसा गिळतात. गिळताना घशामागून नाकात जाणारा गंध आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा हा चवीचा मोठा भाग असतो. म्हणूनच प्रत्येक नमुना थोडाच, साधारण ६० ते ९० मिलिलिटर दिला जातो.

या चाखण्यामागे पक्के रसायनशास्त्र आहे. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या वनस्पतीच्या फुलांतील घटकांवर प्रकाश पडला, की गंधकयुक्त संयुग तयार होते आणि उग्र दर्प येतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी कमी आणि पारदर्शक काच जवळजवळ नाहीच. उष्णतेत पडून राहिलेल्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. हजारो किलोमीटरचा प्रवास करून आपल्या उन्हाळ्यात पोहोचलेली बाटली म्हणजे स्पर्धेत गुण मिळवणारीच बिअर असेल, असे नाही. चवीच्या निकषावरसुद्धा बिरुदाची खात्री एवढीच.

डॉक्टर म्हणून माझे लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे जाते. त्या ५० गुणांत बाटलीत एकूण किती ग्रॅम अल्कोहोल आहे, यासाठी रकानाच नाही. परीक्षकाला तो लागतही नाही, कारण तो घोटभरच घेतो. गुण घोटाला मिळतात. आपण मात्र बाटली संपवतो. जिभेचा हिशेब आणि यकृताचा हिशेब इथे वेगळे होतात.

हा दुसरा हिशेब सोपा आहे. एक मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलचे वजन ०.७९ ग्रॅम असते. बाटलीतले मिलिलिटर गुणिले अल्कोहोलची टक्केवारी, भागिले १००, गुणिले ०.७९, उत्तर ग्रॅममध्ये येते. चेक प्रजासत्ताकातील पिल्झेन शहरात १८४२पासून बनणारी 'पिल्सनर उर्केल' ४.४ टक्क्यांची आहे. तिच्या ३३० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे साडेअकरा ग्रॅम अल्कोहोल असते. बेल्जियममधील सेंट सिक्स्टस मठातले भिक्षू बनवतात ती 'वेस्टव्लेटेरेन १२' अनेकदा जगातली सर्वोत्तम बिअर ठरली आहे. ती १०.२ टक्क्यांची आहे. तेवढ्याच आकाराच्या बाटलीत २६ ग्रॅमच्या वर अल्कोहोल. हौशी रसिकांच्या याद्यांत वरच्या जागी अशा दाट आणि जास्त अल्कोहोलच्या बिअर वारंवार दिसतात. जास्त अल्कोहोलने चव भरदार लागते आणि गुण वाढतात.

आता आपल्याकडची बाटली घेऊ. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यावर ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचाच वाटा मोठा आहे आणि आपली नेहमीची बाटली ६५० मिलिलिटरची. आठ टक्क्यांच्या अशा एका बाटलीत ४१ ग्रॅम अल्कोहोल असते. आपल्याकडची व्हिस्की सहसा ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये १० ग्रॅम असते. म्हणजे एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार पेग. दीड बाटली म्हणजे एक क्वार्टर. दोन बाटल्या घेणाऱ्याने क्वार्टर केव्हाच ओलांडलेली असते.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दारूबद्दल विचारले, की एक उत्तर हमखास ऐकू येते : "नाही डॉक्टर, दारू नाही, फक्त बिअर." बायको शेजारी बसलेली असते, तीही मान डोलावते. नवऱ्याचे पोट पाण्याने फुगलेले असते, डोळे पिवळे असतात आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. बिअर ही दारूत मोजायची नसते, अशी त्यांची खरोखरच समजूत असते. म्हणून 'दारू घेता का' एवढे विचारून भागत नाही. कोणती, किती मोठी बाटली, आठवड्यातून किती, हे विचारावे लागते.

यकृताला बाटलीचा आकार किंवा देश कळत नाही. ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. म्हणजे एका स्ट्राँग बाटलीला चार ते सहा तास लागतात. लिंबूपाणी, कॉफी किंवा आंघोळीने तो वेळ कमी होत नाही. मोटार वाहन कायद्यातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. साधारण ६५ किलो वजनाच्या पुरुषाने ही बाटली तासाभरात रिकामी केली, तर मर्यादा बहुधा दुपटीने ओलांडली जाते. आपल्याला 'काही चढलेली नाही' असे वाटणे हा त्यावरचा पुरावा नव्हे.

अल्कोहोलपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते आणि ते पेशींमधील डीएनएला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन या सात ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. तंबाखूची जोड मिळाली, की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडे ही जोडी नवीन नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले. कमी घेतली तर धोका कमी, इतकाच त्याचा अर्थ.

मग धोरण काय असावे? ऑस्ट्रेलियात १९९५पासून प्रत्येक बाटलीवर त्यात १० ग्रॅमची किती मापे आहेत, हे छापणे बंधनकारक आहे. आयर्लंडने २०२३मध्ये कर्करोगाचा इशारा छापण्याचे नियम केले. पण त्यांची अंमलबजावणी व्यापाराची कारणे देत २०२८पर्यंत पुढे ढकलली. आपल्या बाटलीवर टक्केवारी आणि 'मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे' असा इशारा असतो. तो खरा आहे, पण मोघम आहे. 'या बाटलीत ४ मापे आहेत' हे वाक्य शाळा अर्धवट सुटलेल्या माणसालाही कळेल.

दुसरा मुद्दा कराचा. बिअरवरचा कर कमी करून महसूल वाढेल का, हे पाहण्यासाठी महाराष्ट्र सरकारने २०२३मध्ये अभ्यासगट नेमला होता. बिअर सौम्य, म्हणून तिच्यावर कर कमी हवा, हा उद्योगाचा युक्तिवाद असतो. सौम्य बिअरपुरता तो विचारात घेण्याजोगा आहे, स्ट्राँगला तो लागू होत नाही. ब्रिटनने ऑगस्ट २०२३पासून सर्वच मद्यांचा कर अल्कोहोलच्या तीव्रतेशी जोडला. आपल्याकडेही नाव बिअर की व्हिस्की हे न पाहता ग्रॅम पाहून कर लावला, तर कमी तीव्रतेची बाटली आपोआप स्वस्त राहील. परदेशी बाटल्यांचे शुल्क घटत असताना हा विचार व्हायला हवा.

वाचकांसाठी चार गोष्टी. जे घेत नाहीत, त्यांनी आरोग्याच्या किंवा मुतखड्याच्या नावाखाली सुरुवात करू नये. मुतखड्यावर पाणी स्वस्त आणि बरे. जे घेतात, त्यांनी लेबलावरची पदके वाचण्याआधी टक्केवारी आणि मिलिलिटर वाचावेत. गर्भवती स्त्रिया, यकृताचे रुग्ण, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या घेणारे यांनी बिअरही टाळावी. आणि जे रोज भरपूर घेतात, ज्यांचे हात सकाळी थरथरतात, त्यांनी एकदम बंद करण्याचा प्रयोग घरी करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी जवळच्या रुग्णालयात यावे. यावर औषधे आहेत आणि ती सरकारी रुग्णालयांतही दिली जातात.

बेल्जियमच्या बिअर संस्कृतीला युनेस्कोने २०१६मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले आहे. त्या कारागिरीचे कौतुक जरूर करावे. मात्र चांगली चव हे कमी धोक्याचे प्रमाणपत्र नाही. पन्नासपैकी पन्नास गुण मिळालेल्या बाटलीतले ग्रॅमही आपल्याला मोजावेच लागतात.