विश्लेषण : सीएनसीचा प्रोग्राम फसला; दाद कुठे मागायची?

सातारा, मिरज, कुपवाडच्या एमआयडीसीतील छोट्या वर्कशॉपचे सीएनसी मशीन थांबते, ते दरवेळी यांत्रिक बिघाडानेच नव्हे. ‘कॅम’ सॉफ्टवेअर टूलचा मार्ग आखते. ‘पोस्ट प्रोसेसर’ तो कंट्रोलला समजेल अशा जी-कोडमध्ये बदलतो. घोळ बहुधा इथेच होतो. टूलच्या लांबीचा हिशेब सांगणारी ‘जी ४३’ची ओळ गळाली तरी टूल जॉबवर आदळू शकते. मग सॉफ्टवेअर विक्रेता मशीनवाल्याकडे बोट दाखवतो, मशीनवाला विक्रेत्याकडे. सपोर्टचे वार्षिक पैसे मात्र आधीच भरलेले असतात.

ग्राहक आयोगात जाता येते?

इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९९५चा निकाल आडवा येतो. महाराष्ट्रातील ‘लक्ष्मी इंजिनीअरिंग वर्क्स’ने ‘पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट’कडून घेतलेल्या सीएनसी मशीनचेच ते प्रकरण. नफ्यासाठी मोठ्या प्रमाणावर सुटे भाग बनवणारा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण स्वतः मशीन चालवून पोट भरणारा, मदतीला एक-दोन माणसे असली तरी, ग्राहकच. स्वयंरोजगाराची ही तरतूद २०१९च्या कायद्यातही आहे. शिवाय तक्रार स्वतःच्या जिल्ह्यातील आयोगात करता येते. विक्रेता पुण्याचा असला तरी पुणे गाठावे लागत नाही.

मोठ्या वर्कशॉपला दिवाणी न्यायालय उरते. तिथे फोनवरचे ‘उद्या इंजिनीअर पाठवतो’ सिद्ध करणे अवघड. म्हणून मशीनचे मॉडेल, कंट्रोल आणि पोस्ट दुरुस्तीची मुदत कोटेशनमध्येच लिहून घ्यावी. चाचणी जॉब आपल्या मशीनवर नीट उतरेपर्यंत शेवटचा हप्ता न देण्याची अटही त्यातच घालता येते.